ताटात आहे, कार्डात नाही

(शेतकी खात्याकडून)



या अंकात खोडव्यातील पाचटावर लिहू, असे आम्ही मागे कबूल केले होते. पाचट पुढच्या अंकात. यावेळी उसाचा नसलेला, पण ऊस नोंदणीच्या टेबलावरच आमच्यापुढे आलेला विषय घेतला आहे. शेतकी खात्याच्या माणसाने रेशनकार्डावर लिहावे काय, असे कोणी विचारील. विचारावे. पण या कामात आम्ही स्वतःच एका सभासदाला अर्धवट माहितीवर सल्ला दिला आणि त्यापायी एका नऊ वर्षांच्या पोरीचे नाव सहा महिने कुठल्याच कार्डावर राहिले नाही. तेव्हा लिहिणे भाग आहे.

झाले ते असे. खोडव्याच्या नोंदी सुरू होत्या. पेंच कालव्याखालचे आपले एक सभासद, दीड-दोन एकर ऊस आणि बाकी धान, गट ऑफिसला आले. मागे पिशवी धरून एक मुलगी उभी. नोंद झाली, सही झाली, तरी माणूस उठेना. म्हटले, काय भाऊ, काय राहिले? तर म्हणाले, "साहेब, हे माह्या बहिनीची पोरगी हाये. बहीन गेली, जावई त्याच्या आधीच गेला. आता आमच्याकडंच राह्यते. कार्डात पाच नावं हायेत अन् खानारे सहा झालो. दुकानदार म्हनते, नाव चढवा मंग देतो. कसं चढवाचं?"

त्यांचे कार्ड प्राधान्य कुटुंबाचे. पाच माणसांचे महिन्याला २५ किलो धान्य. सहा जण खाऊ लागले की तेच डोईमागे चार किलोवर येते. एका माणसाचे पाच किलो म्हणजे दिवसाला जेमतेम १६५ ग्रॅम, पाच-सहा पोळ्यांचे पीठ. त्यातून आणखी एक वाटा काढायचा म्हटला की कोणाच्या ताटातून निघतो, हे घरातली बाई सांगत नसते. तुम्ही-आम्हीही सहसा विचारत नाही.

आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले, सोपे आहे. मुलीचे नाव यवतमाळ जिल्ह्यात तिच्या आजीच्या कार्डावर आहे ना? तिथून कमी करून दाखला आणा, इकडे चढवून घ्या. ते बिचारे पोळ्याच्या सुमारास दोन वेळा एसटीने जाऊन आले, मजुरी बुडवली, नाव कमी केल्याचा दाखला आणला. इकडे तालुक्याला गेले तर उत्तर मिळाले की इष्टांक भरला आहे, जागा झाली की बघू. म्हणजे तिकडचे नाव गेले आणि इकडचे चढले नाही. आधी निदान आजी ते पाच किलो उचलून जपून ठेवी आणि कोणी इकडे येणारे भेटले की पिशवीत भरून पाठवी. आमच्या सल्ल्याने तेही बंद पडले. नोंद न झालेला ऊस शेतात उभा असतो, डोळ्यांना दिसतो, पण तोडणीच्या कार्यक्रमात नसतो. पोरीचे तसेच झाले. ताटाला होती, कागदाला नव्हती. होळीपर्यंत.

तेव्हा आता जे सांगतो ते चौकशी करून, आणि काही अंशी ठेच लागून शिकलेले आहे.

मूळ कायदा कोणता? राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, सन २०१३. आपल्या राज्यात तो फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात दोन प्रकारची कुटुंबे आहेत, आणि सभासदांचा गोंधळ होतो तो इथेच. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. माणूस वाढला की धान्य वाढते. अंत्योदय कुटुंबाला मात्र कार्डामागे सरसकट ३५ किलो, मग घरात दोन माणसे असोत की आठ. म्हणून अंत्योदय कार्डात पोराचे नाव चढवल्याने धान्याचा दाणाही वाढणार नाही. तरी चढवावे, कारण उद्या कोणत्याही योजनेचा अर्ज करताना कार्डाची प्रत मागतात आणि त्यात पोर दिसले नाही की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोन्ही प्रकारच्या कार्डांवर पूर्वी तांदळाला किलोला ३ रुपये आणि गव्हाला २ रुपये पडत. १ जानेवारी २०२३ पासून ते पैसेही घेत नाहीत आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे हे धान्य मोफतच ठेवायचे केंद्राने ठरवले आहे.

आता कडू भाग. आपले बरेच सभासद केशरी कार्डवाले आहेत, आणि सगळेच केशरी कार्ड प्राधान्यात बसत नाही. कार्डाचे पिवळा, केशरी, पांढरा हे तीन रंग १९९९ सालापासून आहेत. अन्न सुरक्षा कायद्याची निवड करताना शासनाने खेड्यासाठी वर्षाला ४४ हजार आणि शहरासाठी ५९ हजार रुपये उत्पन्नाची मर्यादा धरली. ज्यांच्या कार्डावर प्राधान्याचा शिक्का नाही त्यांना आपल्या नागपूर जिल्ह्यात या कायद्याचे धान्य नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या केशरी शेतकऱ्याला २०१५ पासून धान्य आणि २०२३ पासून त्याऐवजी रोख रक्कम अशी वेगळी सोय झाली, कारण शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत वर्धा आहे, यवतमाळ आहे, नागपूर नाही. जिल्ह्याच्या शिवेवर ज्यांचे वावर आहे त्यांना ही गोष्ट फार टोचते. आम्हालाही टोचते, पण ते या लेखाचे काम नाही.

आमच्या सभासदाकडे शिक्का होता. मग अडले कशाने? इष्टांकाने. राज्याला या कायद्याखाली सुमारे सात कोटी लाभार्थ्यांची मर्यादा घालून दिली आहे, तीच जिल्ह्याला आणि तालुक्याला वाटून येते. कोणी मयत झाले, लग्न होऊन गेले, कोणाचे कार्ड रद्द झाले, की जागा होते. म्हणून आमचा पहिला सांगावा हा, की तिकडचे नाव कमी करण्याआधी इकडे तालुक्याला पुरवठा निरीक्षकाकडे जाऊन जागा आहे काय ते विचारा, आणि नाव वाढवण्याचा अर्ज कोणत्या कागदांसह घेतील तेही विचारून घ्या. नाव दोन्हीकडे राहू शकत नाही हे खरे. आधारमुळे ते पकडले जाते, आणि लबाडी करायला आम्ही सांगतही नाही. पण घाई करायला नको होती. एक देश एक रेशनकार्ड ही सोय झाल्यापासून एका गावचे कार्ड दुसऱ्या गावच्या दुकानात चालते, आणि सगळे धान्य एकाच वेळी उचलले पाहिजे असेही नाही. आजी महिना-दोन महिन्यांनी इकडे येत असे. तिने आपल्या अंगठ्यावर पोरीचा वाटा इथल्याच दुकानात उचलला असता तर मधले महिने कोरडे गेले नसते. हे आम्हाला पुढे कळले.

नाव वाढवण्याचा अर्ज म्हणजे नमुना ८. नाव कमी करण्याचा नमुना ९. सोबत मुलाचे आधार, जन्माचा दाखला किंवा शाळेचा दाखला, आईबापांचे मृत्यूचे दाखले, आणि आधीच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला. अर्ज दिला की तारखेची पोच घ्या. पोच नसलेल्या अर्जाला ऊसवाल्यांच्या भाषेत काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

एक बारीक गोष्ट, जिथे पुष्कळांची खेप वाया जाते. कायद्याने रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या अठरा वर्षांवरील सर्वांत वडील बाईचे नाव असते. म्हणजे अर्ज मामाचा नव्हे, मामीचा. आमचे सभासद स्वतः सही करून गेले होते, परत आले. मग वहिनींना सोबत घेऊन आम्ही गेलो. वहिनी पायरीवर बसून होत्या. आम्ही सहज म्हटले, तुम्हाला फार ओढाताण झाली असेल. तर म्हणाल्या, "तीन लेकरं होती, चौथं झालं. पोरीच्या म्होरं भाकर काय मोजून वाढाची?" आम्ही गप्प बसलो. भाकर कोणाला मोजावी लागली होती ते त्यांच्या हातांकडे पाहून समजत होते.

दुसरी बारीक गोष्ट आधारची. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचे आधार काढतात तेव्हा बोटांचे ठसे घेत नाहीत. ते पाचव्या वर्षानंतर द्यावे लागतात, पुन्हा पंधराव्या वर्षी. ही मुलगी नऊ वर्षांची, आधार होते दोन वर्षांची असतानाचे. ठसे कधी दिलेच नव्हते, कारण द्यायला नेणारे कोणी नव्हते. दुकानातल्या यंत्राला तिचे बोट कसे ओळखू यावे? ज्यांच्या घरी असे पोर आले आहे त्यांनी पहिल्या महिन्यातच आधार केंद्रावर जाऊन ठसे आणि नवा पत्ता हे दोन्ही एका खेपेत करून घ्यावे.

आता भावकीच्या बोलण्याबद्दल. सभासदांचे थोरले बंधू, तेही आपलेच सभासद, यांनी नाव चढवायला विरोध केला होता. "आज कार्डात नाव, उद्या सातबाऱ्यावर हिस्सा मांगेल." ही भीती आम्ही अनेक गावांत ऐकली आहे, आणि पोरांची नावे कागदाबाहेर राहण्याचे ते मोठे कारण आहे असे आमचे मत आहे. नीट समजून घ्या. रेशनकार्ड हे धान्यासाठी आहे. केंद्राच्या २०१५ च्या नियंत्रण आदेशात तर ते ओळखीचा किंवा रहिवासाचा पुरावा म्हणूनसुद्धा वापरू नये असे म्हटले आहे, मग वारसाचा पुरावा कुठून होणार? नाव चढवल्याने दत्तकविधान होत नाही, आणि नाव चढवायला दत्तक घेण्याची गरजही नाही. दत्तक हा वेगळा कायदा, वेगळे कागद. सांभाळणे वेगळे, दत्तक घेणे वेगळे. हे आम्ही त्या बंधूंना बांधावर उभे राहून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पटले की नाही ते सांगितले नाही. पण नंतर आडवेही आले नाहीत.

धान्य बसत नसेल, किंवा बसूनही पुरत नसेल, तर दुसरी वाट महिला व बालविकास खात्याची. आईबाप दोघेही नसलेल्या किंवा दोहोंपैकी एकच असलेल्या, नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. २०२३ साली तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आणि महिन्याची रक्कम ११०० वरून २२५० रुपये केली. अठरा वर्षांपर्यंत मिळते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे. सोबत आईबापांचे मृत्यूचे दाखले, मुलाचे व सांभाळणाऱ्याचे आधार, शाळेचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक, रेशनकार्डाची प्रत, आणि सांभाळणाऱ्याने मुलासह घरासमोर उभे राहून काढलेला फोटो. त्यानंतर घरी चौकशीला माणूस येतो. त्याला चहा पाजा, पण घर सारवून-सजवून ठेवू नका. आहे तसे दिसू द्या.

मंजुरी बालकल्याण समिती देते. नाव ऐकून ही गावच्या एखाद्या मंडळासारखी समिती वाटते, तशी ती नाही. बाल न्याय कायदा २०१५ अन्वये प्रत्येक जिल्ह्यात एक अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती असते आणि तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. समितीचा आदेश हाती असला की "पोर तुमचे कोण?" या प्रश्नाला छापील उत्तर मिळते. रेशनच्या खिडकीवर, शाळेत, दवाखान्यात, सगळीकडे. आमच्या सभासदांना ही वाट मुलीच्या शाळेतल्या बाईंनी दाखवली, आम्ही नव्हे. तेही येथे नमूद करतो.

शाळेवरून आठवले. पोराच्या पोटाला मिळणाऱ्या दोन गोष्टींना रेशनकार्ड लागतच नाही, आणि त्या मिळवण्यात लाज कसली? सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीचा आहार, आणि पहिली ते आठवीपर्यंत शाळेतले दुपारचे जेवण. दोन्ही याच अन्न सुरक्षा कायद्यात हक्क म्हणून लिहिले आहेत. शाळेत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीच, २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला होता. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण कायद्याच्या परिशिष्टात दिले आहे. आपल्या घरी आलेल्या पोराला दुसऱ्याच दिवशी शाळेत किंवा अंगणवाडीत घाला. मागच्या शाळेचा दाखला नंतर येतो. शिक्षण हक्काच्या कायद्याने तो नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

अमेरिकेत अशी सांभाळायला आलेली मुले सरकारदरबारी नोंदलेली असतात. तेथे फूड स्टॅम्पच्या कुटुंबात अशा मुलाला धरायचे की नाही हे सांभाळणाऱ्यावर सोपवले आहे. धरले तर धान्याचा वाटा वाढतो, पण मुलापोटी मिळणारा भत्ता घराच्या उत्पन्नात मोजतात. शाळेच्या जेवणाला मात्र तसा हिशेब नाही. २०१० सालच्या कायद्यापासून, मूल सांभाळायला दिलेले आहे एवढे कळले की जेवण फुकट. श्रीमंत देशातही प्रश्न तोच आहे, की हे पोर कोणाच्या चुलीत मोजायचे.

एक सूचना तोडणीच्या दिवसांसाठी. टोळ्या येतात तेव्हा काही पोरे टोळीबरोबर येतात, काही गावी कोणाच्या तरी भरवशावर राहतात. टोळीतल्या कोणा मजुराचे बरेवाईट झाले आणि पोर मागे राहिले, असे प्रसंग आपल्या धंद्यात येतात. त्यावेळी कोणी सभासद दया येऊन पोराला आपल्या घरी नेतो. भावना चांगली, पण पोर नात्याचे नसेल तर परस्पर ठेवून घेता येत नाही. आईबापांशिवाय सापडलेल्या मुलाची खबर चोवीस तासांच्या आत द्यावी, असा कायदा आहे. १०९८ या क्रमांकावर फोन करा, किंवा पोलीस ठाण्याला कळवा. पुढे समितीला योग्य वाटले तर ती परक्या घरातही पोर सांभाळायला देऊ शकते, तशी तरतूद कायद्यात आहे. आमच्या गट कर्मचाऱ्यांना आणि मुकादमांना ही गोष्ट सांगितलेली आहे. टोळीवाल्यांना हेही सांगा, की त्यांच्या गावचे कार्ड इथल्या दुकानात चालते. जुने मुकादम अजून "कार्ड गावाकडं राह्यलं" म्हणून दुकानातून महागाचे पीठ आणवतात.

तर त्या मुलीचे काय झाले? होळी झाल्यावर तालुक्यात जागा निघाली आणि नाव चढले. त्या आधीच समितीचा आदेश झाला होता, पैसे बँकेत यायला मात्र आणखी वेळ गेला. पहिल्यांदा धान्य आणायला मामा तिलाच घेऊन गेले. तिने यंत्रावर बोट ठेवले, पहिल्यांदा उमटले नाही, फ्रॉकला पुसून पुन्हा ठेवले, तेव्हा उमटले. सहा माणसांचे तीस किलो. पाच किलोची एक पिशवी वेगळी बांधून ती मामाला म्हणाली, हे आजीला पाठवायचे काय? मामांनी आम्हाला विचारले, असे चालते काय साहेब? आम्ही म्हटले, घरचे धान्य आहे, घरच्यांनी ठरवावे. यावेळी तेवढाच सल्ला दिला.

गट ऑफिसात नमुना ८ आणि नमुना ९ चे कोरे अर्ज ठेवले आहेत. ऊस नोंदीला येताना, ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी त्याचे आधार, शाळेचा दाखला व आपले रेशनकार्ड सोबत आणावे. अर्ज भरून देऊ. अर्ज भरायला घरातील प्रमुख बाईंना सोबत आणावे, पुन्हा खेप पडत नाही. रेशनबाबत तक्रार असल्यास १९६७ हा क्रमांक आहे.

पाचटाचे पुढच्या अंकी. तोवर कृपा करून पेटवू नये.

— ऊस विकास अधिकारी